पायरीचं माप कुठून घ्यायचं

माप कुठून घ्यायचं, यावरून मी जितकी भांडले आहे तितकी लग्न, पगार आणि पार्किंग या तिन्हींवरून मिळूनही भांडले नसेन. कामच तसं आहे. चाकणच्या एका लहानशा कंपनीत मी ड्रॉइंग काढते. आमच्याकडे फिक्स्चर बनतात, म्हणजे गाडीचे सुटे भाग वेल्डिंग होईपर्यंत जागच्या जागी पकडून ठेवणारे लोखंडी साचे. कॉम्प्युटरवर चित्र कुणीही काढतं हो. चित्रावर मापं टाकायची वेळ आली की भल्याभल्यांची बोबडी वळते.

नियम साधे आहेत. बाणाचं टोक रेषेला टेकलंच पाहिजे. मापाच्या रेषांनी एकमेकींना कापायचं नाही. एक माप एकदाच द्यायचं. दोन जागी दिलं आणि उद्या एकाच जागी बदललं, तर मशीनवरच्या माणसाने कोणतं खरं मानायचं? आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे साखळी लावायची नाही. समजा एका पट्टीवर ओळीने भोकं पाडायची आहेत. पहिल्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं, असं मोजत गेलं की प्रत्येक भोक आपली चिमूटभर चूक पुढच्याच्या गळ्यात घालतं, आणि शेवटच्या भोकात बोल्ट काही केल्या जात नाही. म्हणून एक कड पक्की धरायची आणि सगळी मापं तिच्यापासून द्यायची. त्या कडेला आम्ही डेटम म्हणतो. नव्या पोरापोरींना हे सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

अजून एक नियम आहे, तो ऐकायला विचित्र वाटतो. पूर्ण लांबी दिली, की मधल्या तुकड्यांपैकी एकाचं माप द्यायचं नाही. सगळ्यांना मापं देऊन टाकली तर बिचाऱ्या चुकीने जायचं कुठे? म्हणून ज्या तुकड्याचं कुणाला फारसं काम नाही, तो मोकळा सोडायचा. उरेल ते त्याचं.

हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि तरी आमच्या घरचा जिना इतकी वर्षं माझ्या नाकासमोर उभा होता, आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं.

घर थेरगावात, डांगे चौकातून आत गल्लीत. वडील धाराशिवकडून कंपनीत लागायला आले आणि जमेल तसं एकेक बांधत गेले. खालच्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत, वर आई आणि मी राहतो. वडील आता नाहीत. जिना बाहेरच्या बाजूने आहे, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा. आईला काचबिंदू आहे. समोरचं मधोमध तेवढं दिसतं, कडेचं आणि पायाखालचं सगळं धूसर होत चाललंय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू. आईने मान हलवली होती आणि दवाखान्याबाहेर येऊन रसवंतीवर उसाचा रस प्यायली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी ती जिन्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर पडली. मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं. संध्याकाळी दादा आला. तो माझ्यापेक्षा मोठा, आयटीत आहे, ताथवड्याला नव्या सोसायटीत त्याचा फ्लॅट आहे. दारातूनच म्हणाला, "बास झालं. प्लॅस्टर निघालं की आई माझ्याकडे. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, खाली बाग आहे."

"मी न्हाई जायची," आई म्हणाली.

"आई, तुला दिसत नाही."

"दिसायलंय की अजून थोडं."

"आणि ते पण गेलं तर?"

मला वाटलं, आता ही रडणार. कसली रडते! प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आंधळं व्हायचंच असलं ना बाबा, तर माझ्या घरात होईन. हितलं सगळं मला पाठ हाय. तुझ्याकडं मी लिफ्टीत कुणाला म्हणू, बटन दाब म्हणून? हितं मी खाली जाते, ओट्यावर बसते, नाक्यावरनं भाजी आणते. तिथं मला कुणीतरी न्यावं लागंल आन् कुणीतरी आणावं लागंल. सामान हाय का मी?"

दादा माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच तिला पढवून ठेवलंय. मला त्याचा राग आला, पण खोटं का बोला, तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. मी दिवसभर चाकणला. संध्याकाळी नाशिक फाट्याला अडकले की घरी यायला किती वाजतील ते देवालाही सांगता येणार नाही. मधल्या वेळात आई एकटी उतरणारच, कारण ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. परत पडली तर?

"प्लॅस्टर निघेपर्यंत थांब," मी दादाला म्हटलं. "तोवर मी जिन्याचं बघते."

"जिन्याचं काय बघणार आहेस तू?"

"ते मलाही अजून माहीत नाही. पण बघते."

गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी असते. सकाळी मी मेजर टेप घेऊन जिन्यावर बसले आणि एकेक पायरी मोजली. कप्पाळ! एकही पायरी दुसरीसारखी नव्हती. वरच्या काही पायऱ्यांवर वडिलांनी नंतर फरशी बसवली होती, त्या तेवढ्या चढल्या होत्या. मधल्या पायऱ्या गवंड्याने एकीवरून दुसरी अशा विटा रचत केल्या होत्या, म्हणजे अस्सल साखळी. आणि शेवटची तर निम्मीच उरली होती. आमच्या गल्लीत दर थोड्या वर्षांनी काँक्रीट पडतं, जुनं न उखडता त्याच्यावरच नवीन. रस्ता वर येत जातो आणि घरं खाली बसल्यासारखी दिसतात. आमची शेवटची पायरी रस्त्याने गिळली होती. सगळ्या पायऱ्या उंच, आणि शेवटी एक बुटकी. आईचं पाऊल सवयीने खोल जायचं आणि जमीन आधीच यायची.

ज्याला दिसतं त्याचे डोळे अशी चूक गुपचूप सांभाळून घेतात, त्याला कळतही नाही. मी रोज त्याच जिन्यावरून धडाधडा उतरते. आईकडे सांभाळून घेणारं कुणी उरलं नव्हतं. तिच्या पावलाला वरच्या पायरीने जे माप शिकवलं, तेच ती खालच्या पायरीला लावणार. आमच्या कामातच बसणारी भानगड होती ही! इतकी वर्षं मी गाडीच्या भागांसाठी भांडत होते, आणि माझ्या आईचा हात साखळीच्या शेवटच्या दुव्यात मोडला होता. मला स्वतःचा इतका संताप आला की टेप गुंडाळताना बोट चिमटलं.

मग मी ड्रॉइंग काढलं. बाजूने दिसणारा जिना, सगळ्या पायऱ्यांची उंची अगदी एकसारखी. आमच्या वरच्या दाराचा उंबरा हा डेटम. का, तर तो हलत नाही. रस्ता वर येतो, उंबरा जागचा हलणार नाही. सगळी मापं उंबऱ्यापासून खाली, प्रत्येक पायरीचं स्वतंत्र, आणि तीही वरची फरशी बसल्यानंतरची. बाण टेकलेले, एक माप एकदाच. रस्त्याचा काही भरवसा नाही, म्हणून तळाचं माप नियमाप्रमाणे मोकळं सोडलं. बघून जीव गार झाला. कंपनीत आमचे चेकर लाल पेन घेऊन बसले असते तरी त्यांना टिंबभरही सापडलं नसतं.

"काय करायलीस गं?" आईने विचारलं. तिला कागदावरच्या बारीक रेषा दिसत नव्हत्या, म्हणून मी तिचं बोट धरून एकेक रेष दाखवली. ही तुझी उंबऱ्याची, ही पहिली पायरी, ही दुसरी, सगळ्या सारख्या.

"आन् शेवटची?"

"ती मोकळी सोडली आहे. जे उरेल ते तिचं."

"म्हंजे मी पडले तीच?"

बाई गं! नियम म्हणतो, ज्या तुकड्याचं कुणाला काम नाही तो मोकळा सोड. आणि मी मोकळा सोडला होता तो तुकडा, ज्याच्यावरून आख्ख्या घराचं भांडण चाललं होतं. कागद बरोबर होता. कागदावर कुणी उतरणार नव्हतं.

"दुसरी कुठली तरी मोकळी सोडते," मी म्हटलं, पण म्हणतानाच कळलं की जिन्यात बिनकामाची पायरी नसते. वरची मोकळी सोडली तर वर ठेचकाळणार, मधली सोडली तर मधे. आणि तळाला आज मोजून बरोबर केली, तरी पुढच्या निवडणुकीआधी रस्ता परत वर येणार.

"ती शेवटची नसलीच तर न्हाई का चालणार?" आईने विचारलं.

"नसली तर उडी मारणार का रस्त्यावर?"

"मला काय ठावं? ड्रॉइंग तू काढतीस."

चिडून मी चहा ठेवायला उठले. दूध उतू गेलं, कारण मी गॅसकडे बघतच नव्हते, खिडकीतून खाली बघत होते. खालच्या भाडेकरूंच्या दारापुढे पाणी वाहून जायला केलेला सिमेंटचा उतार दिसत होता. उतार! उताराला उंचीचं बंधन नसतं. रस्ता दोन इंच वर आला तर उतार तेवढा सौम्य होईल, एवढंच. पावलाला त्यात धक्का नाही. जिना आमच्याच हद्दीतल्या एका सपाट ओट्यावर संपवायचा, तो ओटाही उंबऱ्यापासूनच मोजायचा, आणि ओट्यापासून रस्त्यापर्यंत उतार. चूक यायची ती येऊ दे, तिने उतारात जाऊन बसावं. मी गॅस बंद केला आणि जुनं ड्रॉइंग टराटरा फाडलं. अडचण एकच होती, त्या जागेत माझी स्कूटी लागायची. लागू दे आता गल्लीत, म्हटलं.

गवंडी आला तो थेरगावच्याच एका जुन्या घराण्यातला, कानावर बिडी आणि खिशात लेव्हल बघायची पाणसळ. मी ड्रॉइंग दिलं तर त्याने सरळ कागदावर टेप लावला.

"अहो, कागदावर काय मोजताय? आकडा लिहिलाय ना!"

"आकडं लई मोठं हायत, ताई. आमी इंच-सुतात काम करतो. ह्ये मिलिमीटर आमच्याच्यानं व्हनार न्हाई."

हे त्याचं खरं होतं. ज्याला काम करायचं त्याच्या भाषेत माप द्यावं, हाही नियमच आहे. मी सगळी मापं इंच आणि सुतात करून दिली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या कंपनीत एवढ्यात आख्खी ऑर्डर परत येते. शिवाय भिंतीवर उंबऱ्यापासून खाली प्रत्येक पायरीची खूण लाल पेन्सिलीने मी स्वतः करून दिली, पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन. "प्रत्येक पायरी या खुणेला टेकली पाहिजे. आधीच्या पायरीवरून मोजायचं नाही. काही झालं तरी नाही."

"व्हय ताई. काळजीच सोडा."

मला तेव्हाच काळजी धरायला हवी होती. जुन्या पायऱ्या फोडून झाल्या, आई वरच अडकली आणि मी फळीवरून जा-ये करायला लागले. एकदा संध्याकाळी येऊन बघते तर निम्म्या पायऱ्या बांधून तयार. दिसायला देखण्या. गवंडी लाकडाचा एक ठोकळा हातात घेऊन बसला होता. पायरीच्या उंचीचा ठोकळा कापायचा, तयार पायरीवर उभा धरायचा, पुढची पायरी मारायची. किती सोपं! मी टेप काढला. तळाच्या पायऱ्या नीट होत्या. वर जावं तशी पायरी खुणेपासून सरकत गेली होती, आणि सगळ्यात वरच्या नव्या पायरीत आणि लाल रेघेत अंगठाभर फट पडली होती.

"ही फोडा," मी म्हटलं.

"काय?"

"या सगळ्या. फोडा."

"ताई, सुताचा तर फरक हाय एकेकीत! उभ्या थेरगावात पायऱ्या बांधल्यात म्या."

"म्हणूनच उभं थेरगाव ठेचकाळतंय! सुतासुताने हे किती झालं बघा. तुम्हीच अंगठा घाला इथे."

त्याने अंगठा घातला. बसला. भाडेकरू बाहेर येऊन बघायला लागले. गवंड्याचं तोंड उतरलं, आणि त्याला सगळ्यांदेखत असं बोलायला नको होतं हेही मला कळत होतं, पण मी मागे हटले नाही. तेव्हा वरून आईचा आवाज आला. "भाऊ, तिच्यावर रागावू नका. डोळं माझं गेल्यात. मला पायानं बगावं लागतंय."

गवंडी वर बघत राहिला. वर आई राहते हे त्याला माहीत असणार, पण जिना कुणासाठी बांधतोय हे त्याला मी धड सांगितलंच नव्हतं. मी नुसती मापं दिली होती. त्याने ठोकळा गल्लीत भिरकावला आणि छिन्नी मागवली. "आदी सांगायचं ना, ताई," एवढंच म्हणाला. पुढचे दिवस मी कामावरून आले की तो पहिल्यांदा लाल खुणेकडे बोट दाखवायचा, मग माझ्याकडे. चहा मात्र माझ्या हातचा घ्यायचा नाही, आईने केला तरच.

उताराला त्याने नारळाच्या दोरीने आडव्या रेघा मारल्या, पाय घसरू नये म्हणून. हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं.

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी दादा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर आईसाठी रिकामी बॅग होती. मी सुट्टी टाकली होती आणि सकाळी आईला धरून दवाखान्यात नेऊन आणलं होतं; नव्या जिन्यावरून एकटी ती अजून उतरली नव्हती. दादा खाली ओट्याजवळ उभा राहिला, मी वर उंबऱ्यात.

"नवीन जिना छान झालाय," तो म्हणाला. "पण म्हणून काही डोळे परत येत नाहीत. मी तिला धरून आणतो."

"तू जागचा हलू नकोस."

"ती पडली तर?"

"हलू नकोस म्हटलं ना!"

माझा आवाज चढला होता, कारण मलाच भीती वाटत होती. ड्रॉइंगवर सही करून ते खाली मशीनवर पाठवते तेव्हा मला कधी अशी भीती वाटलेली नाही. पार्ट चुकला तर दुसरा करतात.

आईने नवी साडी नेसली होती. बारीक झालेल्या मनगटावर बांगड्या सैल झाल्या होत्या. उंबऱ्यावर उभी राहिली, पायाच्या बोटांनी कड चाचपली, एक हात भिंतीला लावला आणि उतरायला लागली. हळूहळू नाही, तिच्या नेहमीच्या चालीने. एक पायरी, दुसरी, पुढची. पाऊल कुठे थांबत नव्हतं, कुठे शोधत नव्हतं. मी वरून तिची पाठ बघत होते आणि मनात एकेक पायरी मोजत होते.

निम्म्यावर आली तेव्हा खालून दादा एकदम ओरडला, "आई! डोळे उघड ना! डोळे का मिटलेस?"

मला पाठीमागून काही दिसत नव्हतं. मी कठडा घट्ट धरला.

"मिटू दे," आई म्हणाली. थांबली नाही. "पाठ करायलेय. आता दिसायलंय तोवर पाठ करून ठिवते, म्हंजे मग घोर न्हाई."

ती शेवटपर्यंत तशीच उतरली. ओट्यावर पाय टेकला, तो सपाट असल्याचं तिला कळलं, मग उतार लागला, पावलाने रेघा खरवडून पाहिल्या आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. तिथे तिने डोळे उघडले आणि वर, माझ्या दिशेला बघून हसली. मी कुठे उभी आहे ते तिला दिसलं नसणार. मी मात्र उंबऱ्यातच बसले आणि हुंदके देऊन रडले, कुणाची लाज न बाळगता.

दादाने पुढे होऊन तिचा हात धरायला हात पुढे केला, आणि मधेच मागे घेतला. "चल, गाडीत बस," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"गाडीत कशाला? नाक्यावरनं मेथी आणते. तू वर जाऊन बस, जेवूनच जा."

ती भिंतीच्या कडेने चालायला लागली. दादा तिच्याकडे बघत राहिला. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तो जिन्याशी आला, आणि मोठा माणूस, घड्याळ-बिड्याळ घातलेला, डोळे मिटून वर चढायला लागला. एक हात भिंतीला. कुठेही अडखळला नाही. माझ्याजवळ आल्यावर त्याने डोळे उघडले.

"आमच्या लिफ्टच्या बाहेर दोन पायऱ्या आहेत," तो म्हणाला. "एक उंच आहे, एक बुटकी. आई कधीतरी राहायला येईलच ना. गुरुवारी येशील का टेप घेऊन?"